जालन्याचा खर्च

बीदर जिल्ह्यातल्या दुबलगुंडीच्या आमच्या वाड्यात थोरल्या तात्यांच्या आजाराची चार कारणं सांगितली जात, आणि सांगणारं प्रत्येक माणूस आपल्या कारणावर ठाम असे. आज्जी म्हणायची, हे जन्माच्या आधीचं आहे, मानमोडीच्या साथीत पणजीबाईंना ताप भरला तेव्हा तात्या पोटात होते. आत्या म्हणायची, रझाकारांच्या धास्तीनं त्यांचं डोकं फिरलं. आजोबांचे मेहुणे आवाज खाली आणून सांगत, की हे पणजीबाईंच्या माहेरचं आहे, त्यांचा एक भाऊ असाच घरातून उठून गेला तो परत आलाच नाही. आणि गावात विचारलं तर बांधाच्या भांडणातून कुणीतरी करणी केलेली होती.

तात्या म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. मी त्यांना पाहिलं ते त्यांच्या उतारवयात. गोठ्याला लागून असलेल्या खोलीत ते भिंतीकडे तोंड करून बसलेले असत आणि ओठांतल्या ओठांत कुणाशी तरी बोलत. आम्हा मुलांना त्यांनी कधी बोटही लावलं नाही. उजव्या घोट्याभोवती त्यांच्या काळपट वळ होता. तो साखळीचा आहे हे मला फार उशिरा सांगण्यात आलं.

पुढे मी औषधनिर्माणशास्त्र शिकवू लागले, आणि मनोविकारांवरच्या औषधांचा धडा दरवर्षी समोर येऊ लागला. मग सुट्टीत गावी गेले की मी म्हाताऱ्या माणसांजवळ बसून पुन्हा पुन्हा तेच विचारायची. कधी सुरू झालं? आधी काय दिसलं? कुणी काय दिलं? कशानं उतार पडला? थोरली आज्जी, म्हणजे तात्यांची बायको, तेव्हा हयात होती. तिची आठवण सगळ्यांत लख्ख होती, कारण तिनं ते सगळं हातानं केलेलं होतं.

आत्याच्या कारणापासून सुरुवात करते, कारण ते सगळ्यांना पटकन पटतं. आमच्या भागात म्हातारी माणसं कुठलीही गोष्ट रझाकाराच्या आधीची की नंतरची, अशीच सांगतात. 1948 च्या मे महिन्यात बसवकल्याणकडच्या गोर्ट्यात रझाकारांनी माणसं कापली, ती बातमी आमच्याकडे पोचली तेव्हा वाड्याचा दरवाजा आतून दगड लावून बंद केला होता, असं आत्या सांगायची. त्याच वर्षी तात्या रात्री ओरडत अंगणात धावू लागले. तिनं दहा-अकरा वर्षांची असताना डोळ्यांनी पाहिलेलं होतं ते.

पण माळ्यावरच्या पेटीतून पणजोबांची कीर्दीची वही निघाली. मोडी वाचता येणाऱ्या एका ओळखीच्या शिक्षकांनी ती वाचून दिली. तिच्यात एक नोंद होती. फसली 1352, जालना खर्च. त्याखाली आगगाडीचं भाडं, शिदोरी, शिपायास बक्षीस, आणि शेवटी हाली सिक्क्यात बेरीज. फसली 1352 म्हणजे ऑक्टोबर 1942 ते ऑक्टोबर 1943. आमचं जालन्याला ना सोयरं ना व्यापार. निजामाच्या राज्यात वेड्यांचं सरकारी इस्पितळ जालन्याला होतं, एवढ्याच कारणासाठी हुमनाबाद तालुक्यातलं कुटुंब भालकीला गाडीत बसून तिकडे गेलेलं असणार. रझाकारांच्या पाच वर्षं आधी.

आजोबांना ही नोंद दाखवली तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग बोलले. तात्या गुलबर्ग्याला उर्दू शाळेत शिकत होते, हुशार होते, शेरोशायरी पाठ. विसाव्या वर्षाच्या सुमाराला ते गावी आले ते परत गेलेच नाहीत. आधी बोलणं कमी झालं. मग आंघोळ सुटली. रात्र रात्र जागे, दिवसा विहिरीच्या काठावर एकटे. वर्ष दीड वर्ष घरच्यांना वाटत होतं, पोरगं आळशी झालं, नाहीतर कुणाच्या नादी लागलं. आणि एक दिवस भालकी स्टेशनावरून परत येताना त्यांनी आजोबांना सांगितलं, की तारायंत्राच्या तारा माझं नाव घेतायत. हैदराबादेत माझ्याबद्दल हुकूम निघालाय, तो तारेतून चाललाय.

हा क्रम आज कुठल्याही मनोविकारतज्ज्ञाला सांगितला तर तो पुढचं न विचारता स्किझोफ्रेनिया ओळखेल. खुळेपणाचे भास आणि संशय एका रात्रीत उगवत नाहीत. बऱ्याच जणांत त्याआधी महिने, कधी वर्षं, माणूस हळूहळू आटत जातो. आणि पुरुषांत तो काळ बहुतेकदा विशीच्या आगेमागे येतो. घरच्यांना मात्र आठवतो तो मोठा प्रसंग, ओरडण्याची रात्र. म्हणून कारणही त्या रात्रीतच शोधलं जातं.

आज्जीच्या मानमोडीकडे मी आधी दुर्लक्ष केलं होतं. गरोदरपणातल्या तापाचा वीस वर्षांनी येणाऱ्या वेडाशी काय संबंध, असं वाटायचं. 1918 च्या पावसाळ्यानंतर इन्फ्लुएंझाची ती साथ दख्खनभर पसरली. त्या वर्षी पाऊसही गेला होता, म्हणजे तापात पडलेली माणसं उपाशीही होती. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं मेली. तात्यांचा जन्म पुढच्या चैत्रातला. साथ ऐन भरात होती तेव्हा पणजीबाई चौथ्या-पाचव्या महिन्यात होत्या. त्या वाचल्या, शेजारच्या दोन घरांतल्या बायका गेल्या.

ज्या साथीला आज्जी मानमोडी म्हणायची, त्याच साथीनंतर बोस्टनच्या मनोरुग्णालयात कार्ल मेनिंजर या तरुण डॉक्टरनं तापातून उठलेल्या आणि भ्रमिष्ट झालेल्या माणसांची टिपणं काढली आणि 1919 मध्ये छापली. ती मोठ्या माणसांची होती. पोटातल्या बाळांचा प्रश्न 1988 मध्ये पुढे आला. 1957 च्या इन्फ्लुएंझाच्या वेळी हेलसिंकीत ज्या बायका गरोदर होत्या त्यांच्या मुलांमध्ये स्किझोफ्रेनियाचं प्रमाण जास्त दिसलं. 2004 मध्ये कॅलिफोर्नियातल्या आयांच्या, अनेक वर्षं गोठवून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांतून ॲलन ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्या काळातल्या इन्फ्लुएंझाकडे बोट दाखवलं. हॉलंडात 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न तोडलं, त्या उपासमारीत गर्भात राहिलेल्या मुलांतही पुढे हा आजार दुपटीनं आढळला. सगळ्याच अभ्यासांचे निष्कर्ष इतके स्पष्ट आलेले नाहीत, आणि साथीत जन्मलेली बहुतेक मुलं ठणठणीत निघाली, हेही तितकंच खरं. तरीही, गर्भात मेंदू घडत असताना आईच्या अंगावर जे येतं त्याचा धागा वीस वर्षांनंतरच्या आजारापर्यंत पोचू शकतो, ही शंका आज शास्त्र गंभीरपणे घेतं. माझ्या निरक्षर आज्जीनं ती आपल्या सासूच्या तोंडून ऐकून जपून ठेवली होती.

मेहुण्यांचं कुजबुजतं कारणही खोटं नाही. ते कुजबुजत सांगावं लागलं, कारण घरात लग्नाच्या मुली होत्या. हा आजार शंभरात साधारण एकाला होतो. सख्ख्या भावंडाला किंवा आईबापांपैकी एकाला असेल तर शंभरातल्या नऊ-दहांना. एकाच अंड्यातून जन्मलेल्या जुळ्यांपैकी एकाला असेल तर दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास जाते, पण निम्म्याच्या. सगळं रक्तातच असतं तर ती शंभर टक्के असायला हवी होती. 2022 मध्ये जगभरातल्या हजारो रुग्णांचा अभ्यास छापून आला, त्यात आजाराशी संबंध असलेल्या 287 जागा जनुकांच्या साखळीवर सापडल्या. प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. म्हणजे रक्त वाईट आहे असं एखाद्या घराकडे बोट दाखवून म्हणता येईल, असं त्यात काही नाही. त्यातल्या बऱ्याच जागा तुमच्या-माझ्यातही आहेत.

करणीबद्दल एवढंच सांगते, की त्या आरोपानं बांधापलीकडच्या घराशी आमचं बोलणं दोन पिढ्या बंद होतं. तात्यांना त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

आता उपायांकडे येते. पहिला उपाय लग्न. लग्न लावलं की पोरगं ताळ्यावर येईल, या समजुतीपायी चौदा-पंधरा वर्षांची मुलगी औरादकडून आमच्या घरात आणली गेली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तीच आमची थोरली आज्जी. लग्नानंतर वर्षभरात जालन्याचा प्रवास झाला.

जालन्यात तात्यांवर काय उपचार झाले ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्या काळात जगाकडेच फारसं काही नव्हतं. व्हिएन्नात साकेल यांनी इन्शुलिन टोचून रुग्णाला बेशुद्धीत नेण्याची पद्धत काढली होती, रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी 1938 मध्ये विजेचा झटका वापरला होता, लिस्बनमध्ये मोनिझ मेंदूतले तंतू कापत होते आणि त्यासाठी 1949 मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. बाकी ठिकाणी कुलूप, भिंत आणि वेळेवर जेवण. तात्या एक पावसाळा तिथे राहिले. परत आले ते डोकं भादरलेले, वाळलेले आणि आणखी गप्प. 1953 मध्ये ते इस्पितळ हैदराबादेत एर्रागड्ड्याला गेलं. 1956 मध्ये राज्याचे तीन तुकडे होऊन जालना मुंबई राज्यात, हैदराबाद आंध्रात आणि आम्ही म्हैसूरमध्ये गेलो. ज्या दारात कधीकाळी जाता येत होतं तेही परक्या राज्यात गेलं.

जालन्याहून परत आल्यावर तात्यांना हुमनाबादच्या हकीमसाहेबांकडे नेलं. इथून पुढचं थोरल्या आज्जीच्या तोंडचं मी शब्द न शब्द लिहून घेतलं आहे. हकीमसाहेबांनी नाडी धरली, जीभ पाहिली, आणि कसल्याशा मुळीच्या भुकटीच्या पुड्या दिल्या. इतकी कडू, की गुलकंदात घालून द्यावी लागायची. पहिले काही दिवस तात्या नुसते झोपून. मग पंधरा-वीस दिवसांनी ओरडणं थांबलं. तारा बोलायच्या थांबल्या का, ते कुणी विचारलं नाही, पण ते ताटावर येऊन बसू लागले, बैलांना पाणी पाजू लागले. "चालणं मात्र मंद झालं बग. आणि नाक सदा चोंदलेलं. पडसं नाही, ताप नाही, तरी नाक बंद. हकीमसाब म्हणायचे, दवा का असर है बेटी, घाबरू नको."

नाक चोंदलेलं, हे ऐकून मी वहीवरून मान वर केली. विद्यार्थ्यांना मी दरवर्षी हेच शिकवत होते. सर्पगंधेच्या मुळीतलं रिसर्पिन पोटात गेलं की गुंगी येते, रक्तदाब उतरतो, नाडी मंदावते आणि नाक चोंदतं. युनानी वैद्यकात या मुळीला असरोल म्हणतात. दिल्लीच्या हकीम अजमल खानांनी ती वेडावर आणि रक्तदाबावर वापरात आणली, तिच्या गोळ्या दवा-उश-शिफा या नावानं मिळत. निजामाच्या मुलखात युनानी वैद्यकाला राजाश्रय होता, तेव्हा हुमनाबादच्या हकिमाकडे असरोल असणं अगदी साहजिक. थोरल्या आज्जीला मुळीचं नाव माहीत नव्हतं आणि मला पुरावाही दुसरा नाही, पण माझी खात्री आहे.

या मुळीचा पुढचा प्रवास मला शिकवताना नेहमी भरून आणायचा. 1931 मध्ये दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकींनी तिच्यातून अल्कलॉइड वेगळे काढले आणि एकाला हकीम अजमल खानांचं नाव दिलं, अजमलीन. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर ती चालते असा लेख छापला. जगानं तो वाचला नाही. 1949 मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरचे आपले अनुभव एका ब्रिटिश हृदयरोग-नियतकालिकात मांडले, तेव्हा कुठे युरोपचे कान टवकारले. स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीनं 1952 मध्ये मुळीतलं रिसर्पिन वेगळं काढलं. अहमदाबादच्या डॉ. हकीम यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवरचे निष्कर्ष 1953 मध्ये सांगितले, त्याची बातमी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात आली, आणि ती वाचून तिथले मनोविकारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनी आपल्या रुग्णालयात रिसर्पिन देऊन पाहिलं. क्लाइन सांगत, की फरक आधी काचा बसवणाऱ्या कारागिराच्या लक्षात आला, कारण वॉर्डातल्या खिडक्या फुटायच्या थांबल्या होत्या.

आणि मग स्वीडनचे आर्व्हिद कार्लसन. त्यांनी सशांना रिसर्पिन दिलं. ससे डोळे अर्धवट मिटून, कान पाडून, हलेनासे झाले. मग त्यांना एल-डोपा टोचलं, आणि थोड्याच वेळात ससे उड्या मारू लागले. मेंदूत डोपामिन नावाचं निरोप्या रसायन असतं आणि रिसर्पिननं त्याचाच साठा रिता होतो, हे 1957-58 मध्ये त्यातून उलगडलं. 1963 मध्ये त्यांनीच दाखवलं, की भ्रम कमी करणारी नवी औषधंही डोपामिनच्याच कामात आड येतात. 2000 साली कार्लसन यांना नोबेल मिळालं. वेडाचं कारण मेंदूत कुठे शोधायचं याचा पहिला पक्का पत्ता आपल्याकडच्या झाडाच्या मुळीनं दाखवला.

डोपामिनचं एक काम म्हणजे मेंदूला सांगणं, इकडे बघ, हे तुझ्यासाठी महत्त्वाचं आहे. शितिज कपूर या मानसोपचारतज्ज्ञांनी 2003 मध्ये मांडलं, की हा इशारा नको तिथे, नको तेव्हा वाजू लागला की साध्या गोष्टींनाही भलता अर्थ चिकटतो. भालकीच्या तारा वाऱ्यानं सगळ्यांसाठीच गुणगुणत होत्या. तात्यांना मात्र त्या गुणगुणण्यात आपलं नाव असल्याची खात्री वाटली, आणि ती खात्री उलगडायला त्यांच्या मनानं हैदराबादचा हुकूम शोधून काढला. हे वाचल्यापासून त्यांचा भ्रम मला निरर्थक वाटत नाही. घाबरलेल्या, हुशार मुलानं आपल्या परीनं लावलेला तो अर्थ होता.

पुड्या साधारण तीन वर्षं चालल्या. त्या का थांबल्या, हे सांगताना थोरली आज्जी पदर तोंडाला लावायची. सप्टेंबर 1948 मध्ये हिंदुस्थानी फौजा आल्या, पाच दिवसांत निजामी संपली, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत आमच्या भागातल्या मुसलमानांवर जे गुदरलं त्याबद्दल गावं अजून मोकळेपणी बोलत नाहीत. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं सगळ्यांत जास्त होरपळलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले, त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि नांदेडबरोबर आमचा बीदर होता. हकीमसाहेब कुटुंबाला घेऊन एका रात्री हैदराबादेकडे गेले ते परतले नाहीत. पुड्या संपल्या. दिवाळीपर्यंत तात्या अंगणात धावत होते.

म्हणजे आत्यानं पाहिलं ते खरंच होतं. फक्त ती आजाराची सुरुवात नव्हती. भीती होतीच, पण औषधही तुटलं होतं.

साखळी त्यानंतर आली. त्यांनी विहिरीत उडी घेतली, दोघांनी काढलं, आणि आजोबांनी लोहाराकडून कडी करून आणली. आजोबांच्या मनात क्रौर्य नव्हतं, त्यांना भाऊ जिवंत हवा होता. थोरली आज्जी रात्री सगळे झोपले की कडी सोडायची आणि पहाटेच्या आत परत लावायची. तेवढा वेळ ती उंबऱ्यात आडवी होऊन पडायची, म्हणजे ते बाहेर निघाले तर तिला ओलांडून जावं लागेल. हे किती वर्षं चाललं असं विचारल्यावर ती हसली. "मोजत होते व्हय?"

तिनं त्यांना माणिकनगरला नेलं, गुलबर्ग्याला बंदे नवाजांच्या दर्ग्यात नेलं, आणि गाणगापूरला तर कितीदा. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान, पाच घरची माधुकरी, दुपारच्या आरतीला पादुकांसमोर उभं राहणं. आरती सुरू झाली की झपाटलेली माणसं खांबांना धरून हेलकावे घेतात, ओरडतात. थोरली आज्जी म्हणायची, तिथे यांना कुणी हसलं नाही. आमच्या गावात पोरं मागे लागून "हुच्चा, हुच्चा", म्हणजे वेडा, वेडा, करायची, तिथे ते चारचौघांसारखे जेवले, झोपले. घरी आलं की महिनाभर बरं असायचं.

हे मी श्रद्धेचं म्हणून बाजूला सारू शकत नाही. निम्हान्सच्या डॉ. रघुराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तामिळनाडूतल्या एका देवळात राहायला आलेल्या 31 मनोरुग्णांची पाहणी केली, ती 2002 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. औषधाविना, सरासरी सहा आठवडे राहून त्यांच्या लक्षणांत सुमारे 20 टक्के उतार पडला होता. देवळात मारझोड नव्हती, साधी कामं दिली जात, घरचं माणूस सोबत असे. पाहणी लहान आहे आणि तुलनेला दुसरा गट नाही, त्यामुळे तिच्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण थोरल्या आज्जीनं जे सांगितलं तेच ती सांगते. आणि तामिळनाडूतच 2001 च्या ऑगस्टमध्ये एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानात आग लागली, तेव्हा साखळदंडानं बांधलेली 28 माणसं जळून गेली. दोन्ही आपल्याच देशातलं आहे.

1967 च्या सुमाराला सोलापूरच्या गिरणीत नोकरीला लागलेल्या माझ्या चुलत्यांनी तिथल्या एका डॉक्टरांना विचारून गोळ्या आणल्या. आजोबा त्यांना 'लारगटील' म्हणत. लार्गॅक्टिल, म्हणजे क्लोरप्रोमाझिन. 1952 मध्ये पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात डेले आणि डेनिकर यांनी हे औषध भ्रमिष्ट रुग्णांना दिलं, आणि जगभरच्या वेड्यांच्या इस्पितळांची दारं त्यानंतर हळूहळू किलकिली झाली. रिसर्पिनपेक्षा ते भरवशाचं ठरलं. पॅरिसहून दुबलगुंडीला पोचायला त्याला पंधरा वर्षं लागली. गोळ्या सुरू झाल्यावर दोन महिन्यांत कडी निघाली. तात्या एकटे हुमनाबादच्या बाजाराला गेले आणि मीठ, बिब्बे, चुना घेऊन, उरलेले पैसे नीट मोजून परत आले. ही गोष्ट घरात सणासारखी सांगितली जायची.

मग घरच्यांना वाटलं, आता बरे झाले, रोज गोळी कशाला. शिवाय पेरणीचे दिवस होते, सोलापूरला जायला कुणी मोकळं नव्हतं आणि पैशाचीही ओढ होती. गोळ्या बंद झाल्या. पावसाळा संपायच्या आत तात्या पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले. पुढे 1976 मध्ये न्यूमोनियानं गेले तोपर्यंत ते तसेच होते. मी पाहिलेले तात्या ते हे.

दोनदा उतार पडला आणि दोनदा औषध तुटलं. 2012 मध्ये लँसेटमध्ये अनेक चाचण्यांचा एकत्र हिशेब आला. औषध चालू ठेवलेल्यांपैकी वर्षभरात 27 टक्के पुन्हा आजारी पडले, बंद केलेल्यांपैकी 64 टक्के. आमचं घर हे दोन वेळा भोगून शिकलं, पण ते शिकणं कामी यायला कुणी उरलं नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं 1960 च्या दशकाच्या अखेरीस नऊ देशांत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा पाठपुरावा केला, त्यात आपल्याकडचं आग्रा होतं. दोन वर्षांनी पाहिलं तर आग्र्याचे रुग्ण लंडन-वॉशिंग्टनच्या रुग्णांपेक्षा चांगल्या अवस्थेत होते. त्यावरून आपल्या कुटुंबव्यवस्थेचे गोडवे फार गायले गेले. अमृतसरला 1950 च्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णासोबत राहायला लावलं होतं, त्याचं मोल मी जाणते. पण कुटुंब म्हणजे आमच्या घरी एकच बाई होती. तिचं वय, तिची झोप, न झालेली मुलं, हे सगळं त्या उताराच्या खात्यात जमा आहे. आणि आजारी ती पडली असती तर? चेन्नईत डॉ. थारा आणि सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनिया झालेल्या, नवऱ्यानं टाकलेल्या बायकांचा अभ्यास केला आहे. थोरल्या आज्जीला हा आजार झाला असता तर तिला औरादच्या गाडीत बसवून माहेरी पोचतं केलं असतं, याबद्दल आमच्या घरात कुणालाही शंका नव्हती. तिलाही नव्हती.

तात्या गेल्यानंतर दहा वर्षांच्या आत, आमच्याच भागातल्या बळ्ळारी जिल्ह्यात निम्हान्सच्या डॉक्टरांनी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या साध्या डॉक्टरांना आणि कर्मचाऱ्यांना शिकवून, मोजक्याच औषधांवर खेड्यातल्या खेड्यात हे उपचार करून दाखवले. त्यावरून पुढे देशभरचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. आज कर्नाटकात तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांत मंगळवारी मानसोपचाराचा दवाखाना भरवण्याची योजना आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधणं हा गुन्हा ठरवला आहे. ज्यांना नेहमीच्या औषधांनी गुण येत नाही त्यांच्यासाठी क्लोझापिन आहे. आणि 2024 च्या सप्टेंबरात अमेरिकेत डोपामिनच्या वाटेला थेट न जाणाऱ्या पहिल्या औषधाला मंजुरी मिळाली. तरीही 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं, की या आजाराच्या चारपैकी तीन रुग्णांपर्यंत उपचार पोचलेलेच नाहीत. त्या पाहणीतल्या 12 राज्यांत ना महाराष्ट्र होता ना कर्नाटक, पण आमच्याकडचं चित्र फार वेगळं असेल असं मला वाटत नाही.

म्हणून सीमेच्या दोन्ही बाजूंच्या घरांना माझं सांगणं आहे. वीस-बावीस वर्षांचं पोर अचानक आटायला लागलं, रात्री जागायला लागलं, कुणी नसताना ऐकायला लागलं, तर वर्षभर वाट पाहू नका. गाणगापूरला न्यायचं असेल तर जरूर न्या, दर्ग्यात न्या, पण गोळ्या सोबत न्या आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही तोडू नका. लग्न लावून कुणाच्या मुलीला त्यात ढकलू नका. सोलापूरला जायला माणूस मोकळं नसेल तर 14416 हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे. तिथे कन्नडमध्ये बोलता येतं, मराठीतही बोलता येतं, आणि फोन रात्रंदिवस, फुकट लागतो.